टाकीतला मासा, वाफ्यातली भाजी

गेल्या काही वर्षांत शहरांतील गच्च्यांवर आणि गावांतील परसांत एक नव्या तऱ्हेचे शेत दिसू लागले आहे. एका टाकीत मासे. टाकीशेजारी खडीने भरलेला वाफा. वाफ्यात माठ, पालक, पुदिना. आणि टाकीतील पाणी वाफ्यात व वाफ्यातील पाणी पुन्हा टाकीत अशा अहोरात्र येरझारा घालविणारी एक लहानशी मोटर. ‘अ‍ॅक्वापॉनिक्स’ हे या शेतीचे नाव. माती नको, खत नको, पाणी थोडके; भाजी घरची, मासळी घरची, असा तिचा महिमा विकणारे सांगतात. किनारपट्टीच्या गृहस्थाला यापरते गोड आमिष दाखविता यायचे नाही. त्याची भाजी घाटावरून येते. पावसाळ्यातील मासेमारी-बंदीच्या दिवसांत त्याच्या ताटातील मासळी परराज्यांतून बर्फात निजून येते, आणि ती किती दिवस निजली होती हे विचारण्याची सोय नसते. २०१८ च्या जुलैत गोव्यात फॉर्मेलिनच्या संशयाने जे काहूर माजले आणि बाहेरच्या मासळीला काही काळ दरवाजे बंद करावे लागले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच.

आमिष गोड आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र गच्चीवर हौस भागते. कसोटी लागते ती खानवेलसारख्या ठिकाणी. सिल्व्हासापासून सुमारे वीस किलोमीटरवर साकरतोड नदीकाठी वसलेले हे गाव पर्यटकांना हिरव्या टेकड्यांसाठी ठाऊक आहे. तेथील वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांना ते निराळ्या रीतीने ठाऊक आहे. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, भात-नागलीचे एक पीक देतो आणि उतारावरून दमणगंगेकडे निघून जातो. मधुबन धरणाचा जलाशय दूर नाही. हवेलीची काही जमीन त्याच्या पोटात गेली आहे. पण जलाशय खाली आणि पाडा वर ही डोंगराळ मुलखाची जुनी कथा आहे. उरलेले आठ महिने हाताला काम हवे तर वापी किंवा सिल्व्हासाच्या कारखान्यांची वाट धरायची. थोड्या पाण्यात भाजी आणि मासा देणारी विद्या कोणाच्या उपयोगी पडायची असेल, तर ती अशा घरांच्या. तेथे ती टिकेल काय, आणि कोणत्या रूपात टिकेल, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

या विद्येचे मर्म समजण्यास अवघड नाही. मासा खातो त्यातील नत्राचा मोठा भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. हा अमोनिया साठला तर माशालाच मारतो. निसर्गाने त्यावर जिवाणूंची योजना करून ठेवली आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही माशाला घातक. नायट्रेट मात्र त्याला फारसे बाधत नाही आणि भाजीला तर ते अन्नच. म्हणजे मासा आणि भाजी यांच्या दरम्यान जिवाणूंचे एक तिसरे बिऱ्हाड आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, भाडे मागत नाही, पण तेच उठून गेले तर उरलेली दोन्ही बिऱ्हाडे दिवसांत मोडतात. व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात डॉ. जेम्स रेकोसी यांनी १९८० पासून गोड्या पाण्याचा तुटवडा असलेल्या बेटावर वर्षानुवर्षे जे प्रयोग केले, त्यांनी या शेतीला हिशेब दिला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरील अशा शेतीसाठी सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तेव्हा हा काही कोणा चलाख दुकानदाराने काढलेला खेळ नव्हे.

पण पुस्तकातील हिशेब आणि घरातील शिस्त यांत अंतर असते. हौशी गृहस्थ रविवारी टाकी बसवितो, सोमवारी मासे आणून सोडतो आणि पंधरवड्यात मेलेले मासे काढून टाकतो. जिवाणूंचे बिऱ्हाड थाटायला महिना, कधी सहा आठवडे लागतात. तोवर चार-दोन लहान मासे, चिमूटभर खाद्य आणि रोजची पाण्याची तपासणी एवढाच उद्योग. विरजण लावल्यावर भांडे हलवू नये हे आपल्याकडील सुगृहिणीला सांगावे लागत नाही. येथेही तोच नियम आहे. इतकेच काय, कोणाच्या चालत्या वाफ्यातील मूठ-दोन मुठी ओली खडी आणून आपल्या वाफ्यात घातली, तर ती विरजणासारखीच कामी येते. खडी काळ्या दगडाची घ्यावी. खानवेलकडे तिला तोटा नाही. खडीवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तीत चुनखडी आहे, ती पाण्याचा गुण बदलीत राहील.

मासे किती ठेवावेत, हा त्यानंतरचा मोह. मत्स्यपुराणातील मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा कमंडलूत मावेना, मडक्यात मावेना, तळ्यात मावेना. शेवटी त्याला समुद्रात न्यावे लागले. मनूजवळ समुद्र होता. परसातल्या गृहस्थाजवळ हजार लिटरची टाकी असते आणि बोटाएवढी पिले मोजून घेताना ती पुढे किलोभराची होणार आहेत हे तो विसरतो. हजार लिटरला पूर्ण वाढीचे दहा किलो मासे हे नवशिक्याचे सुरक्षित माप. वीस किलो ही घरगुती व्यवस्थेची कमाल. दहा किलो माशांना दिवसाला वजनाच्या फार तर दोन टक्के, म्हणजे दोनशे ग्रॅम खाद्य. पालेभाजीला चौरस मीटरमागे रोजचे चाळीस ते पन्नास ग्रॅम खाद्य पुरते, असा अन्न व कृषी संघटनेचा आडाखा आहे. म्हणजे दहा किलो माशांवर चार-पाच चौरस मीटरचा, साधारण पन्नास चौरस फुटांचा वाफा पोसतो. भाजी मागे पडली तर मासे वाढवायचे नसतात. आधी खाद्य किती जाते ते पाहायचे असते. सारे गणित मुठीतील खाद्यावर आहे. टाकलेले खाद्य अर्ध्या तासात संपले पाहिजे. उरले ते जाळीने काढले पाहिजे. पाहुणे आले की मुले माशांना खेळ म्हणून दिवसातून पाचदा खाऊ घालतात आणि आठवड्याने पाण्याला वास येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

या खाद्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकावी. बाजारी गोळी-खाद्यात बहुधा मासळीचे पीठ असते, आणि ते पीठ पुष्कळदा समुद्रातील लहान मासळी सुकवून दळलेले असते. म्हणजे परराज्यातील मासळी नको म्हणून घरी मासा पाळणारा गृहस्थ त्याला तारलीच चारीत असतो! वनस्पतिज खाद्यावर वाढणारे रोहू, कटला, सायप्रिनस हे मासे त्या मानाने सात्त्विक. कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड हा त्यांचा जुना आहार तळ्यात उत्तम चालतो, पण टाकीत तो पाणी गढूळ करतो. अझोला नावाचे पाण्यावर तरंगणारे लहान नेचे एखाद्या उथळ खड्ड्यात वाढवून खाद्याला जोड देता येते. गुरांना ते चारणारे शेतकरी आता सर्वत्र आहेत.

जिवाणूंच्या कामातून आम्ल निर्माण होते आणि पाणी हळूहळू आंबट होत जाते. सहा-आठ आठवड्यांनी भाजी खुरटते, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया पुन्हा डोके वर काढतो. पाण्याचा आम्ल-विम्ल अंक साताच्या जवळपास, शक्य तो पावणेसात ते सात, राखणे हे या शेतीतील आठवड्याचे मुख्य व्रत आहे. त्याचे औषध किनाऱ्यावरच्या घरात फुकट आहे. तिसऱ्यांची नि कालवांची टरफले धुऊन, कुटून, फडक्याच्या पोतडीत बांधून टाकीत सोडावीत. पाणी आंबट होईल तसतसा त्यांतील चुना आपोआप विरघळतो. जेथे शिंपल्या नाहीत तेथे अंड्यांची टरफले. पानाचा चुना मात्र थेट ओतू नये. तो अंक एकदम वर नेतो आणि अंक वर गेला की तेवढाच अमोनिया अधिक विषारी होतो. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोह कमी पडले असे समजावे. ते माशाच्या खाद्यातून पुरेसे मिळत नाही, बाहेरून किंचित द्यावे लागते. ‘खत नको’ या घोषणेला एवढी मुरड घातलीच पाहिजे.

आता विजेची गोष्ट. मोटर थांबली की वाफा काही तास ओल धरून राहतो. भाजी मरत नाही. मासा मरतो. दाटीच्या टाकीत वीज गेल्यावर काही तासांत पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि पहाटे तो मुळातच सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, तर ते भुकेले नसून गुदमरले आहेत हे ओळखावे आणि खाद्याचा डबा बाजूला ठेवून तांब्याने पाणी उपसून उंचावरून पुन्हा टाकीत ओतावे. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मुख्य मोटरपेक्षा आधी विकत घ्यावा, असे आमचे मत आहे. पावसाळी वादळात तारा तुटल्यावर ज्या मुलखात वीज कधी परतेल हे सांगता येत नाही, तेथे रोहूपेक्षा देशी मागूर बरा; तो वरची हवाही घेऊ शकतो. देशी म्हणतो याला कारण आहे. आफ्रिकी मागूर हा हावरट मासा नदीत निसटला तर तेथील मासळीचा फडशा पाडतो. त्याच्या पालनावर २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही कडक बोट ठेवले. तिलापियाचीही हकीकत शिकण्यासारखी आहे. १९५२ साली ती भारतात आणली, १९५९ साली तिच्या प्रसाराला मनाई झाली, आणि पुढे सुधारित जातीला परवान्याच्या अटीवर वाट मिळाली. परदेशी पुस्तकांत पानोपानी तिलापिया आहे म्हणून ती उचलून आणणे येथे चालणार नाही. साकरतोडच्या काठावरील परसातील टाकी एका रात्रीच्या पावसात ओसंडते, आणि टाकीतील मासा सकाळी नदीत असतो.

याच पावसाने आणखी एक घात होतो. पावसाच्या पाण्यात चुन्याचा अंश नसतो. उघड्या वाफ्यावर आठवडाभर झोडपणारा पाऊस सारे पाणी पातळ करतो आणि आम्लाला आवर घालणारे काही उरत नाही. तेव्हा परदेशी चित्रांत वाफा उन्हात उघडा दिसला, तरी आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्यावर पारदर्शक छप्पर पाहिजेच. मार्च-एप्रिलात त्याच जागी नारळाच्या झावळ्यांची सावली हवी. टाकीचे तोंड अंधारे ठेवावे, नाहीतर शेवाळ भाजीचे अन्न खाते. नळाचे पाणी भरायचे तर एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून, हलवून मग घालावे. क्लोरीन माशालाही सोसत नाही आणि जिवाणूंनाही. सर्वांत कठोर पथ्य फवारणीचे. बागायतदाराच्या घरी सुपारीसाठी बोर्डो मिश्रणाचा पंप असतो. मोरचुदाचा अंश राहिलेला तो पंप भाजीवर एकदा मारला की संध्याकाळी मासे उलटे. तंबाखूचे पाणीसुद्धा वर्ज्य. किडी हाताने वेचाव्यात, नाहीतर ते पीक सोडून द्यावे. कोणत्या झाडाचे फळ कुटून डोहात टाकले की मासे गुंगतात, हे जंगलात राहणाऱ्याला पिढीजात माहीत असते. पानावर पडलेले औषध पाण्यात उतरते हे त्याला पटवून द्यावे लागणार नाही. शहरातल्याला द्यावे लागते.

एवढा खटाटोप करून हाती काय येते? टाकी उत्तम चालली तर वर्षाकाठी दहा-वीस किलो मासे. रोज अर्धा किलो मासळी लागणाऱ्या घरात वीस किलो म्हणजे चाळीस दिवस. मासळीबाजाराची वाट याने बंद होणार नाही. खरा लाभ भाजीचा. महिना-दीड महिन्यात काढणीला येणारा माठ, पालक, मुळ्याचा पाला, पुदिना, आणि पाण्याची मुळातच आवड असलेले अळू. पाण्याची बचत मात्र खरीखुरी आहे. बाष्पीभवनाने आणि पानांवाटे जाते तेवढे, म्हणजे दिवसाला एकूण पाण्याच्या एक ते तीन टक्के, भरावे लागते. आणखी एक गोष्ट हिशेबात धरलेली नसते. रोज सकाळी हाताची चाहूल लागताच वर येणारा मासा कालवणासाठी काढायला घरातील कोणी तयार होत नाही. श्रावण पाळणाऱ्या घरांत तर भाद्रपद येईपर्यंत त्यांना नावे मिळालेली असतात. तसे असेल तर सरळ शोभेचे मासे ठेवावेत. त्यांचे पाणी भाजीला तितकेच चालते.

पाण्याचा, माशाचा आणि पिकाचा हा संसार आपल्याला परका मात्र नाही. मांडवी-जुवारीच्या काठची खाजणे पाहा. बांध, बांधाला मानस, आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात, आणि पोंयेत मासळी नि सुंगटे. तेथे पाणी आत-बाहेर करण्यासाठी मोटर लागत नव्हती. ते काम भरती-ओहोटी करीत होती, म्हणजे शेवटी चंद्र करीत होता. या व्यवस्थेला शतकानुशतके चालविले ते बांधाची निगा ठेवणाऱ्या गांवकारीने. बांध कोणी दुरुस्त करायचा हा प्रश्न जेथे अनुत्तरित राहिला, तेथे खारे पाणी शेतात शिरले आणि चंद्राचा काही उपाय चालला नाही.

खानवेलला भरती-ओहोटी नाही. तेथे उतार आहे. हाच त्या मुलखाचा बिनविजेचा पंप. टेकडीच्या कुशीत वरच्या अंगाला अस्तर घातलेले शेततळे घ्यावे, जुलैत त्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडावीत, आणि तळाचे काळे, माशांच्या विष्ठेने पोसलेले पाणी नळीने खालच्या वाफ्यांवर आणावे. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत हे पाणी भाजीला पुरवावे, आणि तळे आटू लागेल तेव्हा मासे काढावेत. त्या सुमारास गावात हाताला काम कमी आणि ताटात कालवण कमी असते. पाणी परत वर जात नाही, म्हणून याला अ‍ॅक्वापॉनिक्सचे पंडित शुद्ध मानणार नाहीत. पण तत्त्व तेच आहे: पाणी एकदा माशासाठी आणि तेच पाणी दुसऱ्यांदा भाजीसाठी. आणि वीज गेल्यामुळे तळ्यातला मासा मरत नाही. खानवेलच्या शेतकऱ्याला यंत्र विकण्यापूर्वी हे तळे दाखवावे.

सरकारी पैशाची दिशा येथे तपासली पाहिजे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा आकार २०,०५० कोटी रुपयांचा होता. तीत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाति-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. तळी, टाक्या, फिरत्या पाण्याचे संच यांना त्यातून बळ मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु अशा अनुदानाचा हिशेब प्रामुख्याने उभारणीच्या खर्चावर बसतो. टाकी उभी राहिली, फलक लागला, छायाचित्र निघाले की फाइल बंद होते; आणि टाकी बंद पडते ती सातव्या-आठव्या महिन्यात, पंपाचे दोनशे रुपयांचे वॉशर सिल्व्हासाला मिळत नाही म्हणून किंवा पाणी तपासण्याच्या बाटलीतील द्रावण संपले म्हणून. दहा टाक्यांऐवजी सहा टाक्यांना पैसा द्यावा आणि उरलेल्यातून दर पंधरा दिवसांनी पाड्यावर जाऊन पाणी तपासणारा, वारली बोलणारा एक तरुण तीन वर्षे नेमावा. त्याला शिकविण्याची ठिकाणे दूर नाहीत. शेजारच्या पालघर जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, आणि जुन्या गोव्यात एला येथे किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे २०२० च्या जानेवारीपासून एकच प्रशासन झाल्यावर दमणच्या मच्छीमारीचा कारभार पाहणारे आणि खानवेलच्या शेतीचा कारभार पाहणारे अधिकारी एकाच छताखाली आले आहेत. त्यांनी एकमेकांशी बोलावे एवढीच अपेक्षा.

मोटर चालविणारी बंदिस्त टाकी खानवेलमध्ये कोठे शोभेल, असे कोणी विचारले तर आम्ही निवासी शाळेकडे बोट दाखवू. तेथे वीज असते, स्वयंपाकघर रोज पेटते, भाजी लगेच खपते, आणि पाण्याचा अंक वहीत लिहून ठेवण्यास चाळीस उत्सुक मुले असतात. अमोनियाचे नायट्रेट कसे होते हे फळ्यावर दहादा लिहून जे कळत नाही, ते सकाळी एक मासा कडेला निपचित दिसला की कळते. अडचण एकच आहे आणि टाकी मागण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी तिचे उत्तर लिहून द्यावे. मे महिन्यात मुले आपापल्या पाड्यांवर जातात, गुरुजी गावी जातात, विहिरीचे पाणी तळाला लागते आणि दुपारी टाकीतील पाणी तापते. त्या पाच-सहा आठवड्यांत माशांना खाद्य कोण घालणार, आणि त्या माणसाला मजुरी कोणत्या खात्यातून मिळणार?